डावा पाय कुठे असतो तुमचा?

पावसाळी रविवार, सिंहगडाचा घाट आणि गाड्यांची न संपणारी रांग. मागच्या सीटवर आई. मी मजेत! चढावर ब्रेक न दाबता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणं ही आपली खास स्टाइल ना. थोड्या वेळाने जळका, उग्र वास आला. मी पुढच्या जीपला नावं ठेवली. मग इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडी चक्क मागे सरकली. आईने माझी सीट घट्ट धरली. मला घाम फुटला.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने एकच विचारलं, "साहेब, डावा पाय कुठे असतो तुमचा?"

क्लचवर. कायम! सिग्नललासुद्धा.

तिथेच घोळ होता. अर्धा क्लच दाबला की प्लेट फ्लायव्हीलवर घासत राहते, तापते, झिजते. नुसता पाय टेकवून ठेवला तरी रिलीज बेअरिंग बिचारं राबतंच. आणि प्लेट बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीही सणसणीत. (गिअर ऑइलही तेव्हाच बदललं. एरवी कोण बघतं?)

आता सिग्नलला न्यूट्रल. चढावर हँडब्रेक ओढायचा, क्लच हळूहळू सोडायचा, गाडी पुढे ओढ घेतेय असं वाटलं की हँडब्रेक सोडायचा. वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आवाज चढतोय पण वेग वाढत नाही? क्लच घसरतोय. घाट नको, गॅरेज गाठा.

परवा आईला पुन्हा सिंहगडाचं विचारलं. म्हणाली, "आधी सारसबागेपर्यंत नेऊन दाखव."