बातमीचा डाव

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला गुरांचा मोठा बाजार भरतो. समजा, शहापूरच्या शेतकऱ्याने तेथे एका बैलाची खोड ऐकली. ती पुढे सांगावी काय? खोटी निघाली तर पुढल्या वर्षी त्याच माणसांना तोंड दाखवावयाचे आहे. म्हणून तो आधी खात्री करून घेतो. आपला लाभ दुसऱ्याच्या चालीवरही अवलंबून असतो, तेव्हा शहाण्याने काय करावे, याचे गणित नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली ग्रंथरूपाने मांडले.

मोबाईलवर हा हिशेब उलटतो. खोटे पुढे धाडल्याची किंमत काहीच नाही. न धाडावे आणि खरे निघावे, ही धास्ती मात्र मोठी! म्हणून विचारी माणूसही बोट दाबतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणाऱ्यांच्या अफवेने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडण्याची मर्यादा जाहीर केली. त्याने वेग मंदावेल. हिशेब बदलणार नाही.

तो आपणच बदलावयाचा. "तुला हे कोणी सांगितले?" एवढे विचारू लागलो, की सांगणाऱ्याची पत पुन्हा पणाला लागते.