हिशेबाची एकच वही, दोन कॉम्प्युटर

खाली दुकान आणि वर घर, किंवा पुढे काउंटर आणि मागे कारखाना, अशी आपल्याकडच्या अनेक व्यवसायांची मांडणी आहे. आता दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर आला आहे. बिल खाली बनते, जीएसटीचे काम मुलगा किंवा मुलगी रात्री वर बसून करते आणि मधली ने-आण पेनड्राइव्हवर चालते. पेनड्राइव्ह हरवणे ही त्यातली लहान अडचण. खरा घोटाळा होतो तो उधारीच्या यादीच्या दोन प्रती झाल्या म्हणजे. एकीत गिऱ्हाइकाचे पाच हजार जमा, दुसरीत तेच बाकी. गिऱ्हाईक समोर उभे असताना खरी यादी कोणती हे मालकालाच सांगता येत नाही.

यावरचा उपाय महाग नाही. दोन्ही कॉम्प्युटर घरच्या एकाच राउटरला जोडलेले असतील, तर फाईल एका जागी ठेवून दोन्हीकडून उघडता येते. इंटरनेट बंद पडले तरी हे काम चालते; राउटर चालू असला म्हणजे झाले. भिंती जाड असतील तर वाय-फायवर विसंबू नये, जिन्यातून केबल टाकून घ्यावी. ती 100 मीटरपर्यंत चालते.

ज्या कॉम्प्युटरवर फाईल राहणार, त्याच्या विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' करावे आणि फाईल शेअरिंग चालू करावे. मग संपूर्ण डिस्क नव्हे, तर 'हिशेब' अशा नावाचा एकच फोल्डर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअर करावा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पहिल्याचे नाव टाकले की फोल्डर दिसतो. जुन्या पुस्तकांत 'होमग्रुप'ची पद्धत दिलेली असते. ती विंडोज 10 मधून 2018 साली काढून टाकण्यात आली, तिच्या मागे लागू नये.

इथेच बरेच जण अडतात. नाव विचारले जाते, लोक रोजचा चार आकडी पिन टाकतात आणि दार उघडत नाही. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून पासवर्डच लागतो. म्हणून पहिल्या कॉम्प्युटरवर या कामासाठी वेगळे खाते पासवर्डसह बनवावे. घाईतला मेकॅनिक मात्र पासवर्डच काढून टाकतो आणि 'एव्हरीवन'ला पूर्ण अधिकार देतो. काम पाच मिनिटांत होते खरे, पण मग आपल्या वाय-फायवर आलेला कोणीही उधारीची यादी वाचू शकतो, पुसूही शकतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाईलसाठी राउटरवर वेगळे 'गेस्ट' वाय-फाय ठेवावे.

दुपारी फोल्डर अचानक गायब झाला तर घाबरू नये. बहुधा पहिला कॉम्प्युटर झोपलेला असतो. त्याची 'स्लीप'ची वेळ बंद करावी. एक्सेलची फाईल एकाने उघडली असता दुसऱ्याला ती फक्त वाचायला मिळते, हे घरात सर्वांना माहीत असावे. टॅलीवर दोघांना एकाच वेळी काम करायचे असेल तर एकट्याचे 'सिल्व्हर' लायसन्स पुरत नाही, 'गोल्ड' लागते.

जुने एक्सपी मशीन किंवा जुना स्कॅनर जोडण्यासाठी कोणी 'एसएमबी 1' चालू करू म्हटले तर साफ नकार द्यावा. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या भगदाडातून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्या फाईली कुलूपबंद झाल्या. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, हे मशीन घेताना पाहावे.

असा व्हायरस एका कॉम्प्युटरवर आला की शेअर केलेला फोल्डरही त्याच्या तावडीत सापडतो. त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क घ्यावी, दर आठवड्याला दुकान बंद करताना तिच्यावर 'हिशेब' फोल्डर उतरवावा आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क या कामाची नाही.