पेन जुने, बाजार नवा

घरातील जुने कपाट आवरायला काढले की एखाद्या खणातून हमखास एक फाउंटन पेन निघते. टोपण घट्ट बसलेले असते, आतली शाई वाळून खडा झालेली असते आणि क्लिपचा मुलामा उडालेला असतो. ‘आता याचा काय उपयोग?’ असे म्हणून ते मुलांच्या खेळण्यांत टाकले जाते, नाहीतर रद्दीबरोबर जाते. कुणी सोन्याच्या आशेने निब उपटून सराफाकडे नेतो. पण बहुतेक निबांचे वजन एक ग्रॅमही भरत नाही आणि त्यातही १४ कॅरटच्या निबमध्ये सोने असते ते हजारात ५८५ भाग. चार पैशांच्या सोन्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकणारी वस्तू मोडीत निघते. त्याच वेळी तसल्याच पेनासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी संगणकाच्या पडद्यासमोर बसून बोली लावत असतो.

जुनी फाउंटन पेने जमवण्याचा छंद आपल्याकडेही आता चांगलाच रुजला आहे. पूर्वी हा छंद म्हणजे चोरबाजाराच्या चकरा आणि ओळखीचे पेनदुरुस्तीवाले. आता तो घरबसल्या करता येतो. पण घरबसल्या करता येतो म्हणूनच तो घरबसल्या फसवूही शकतो. तेव्हा थोडी माहिती हाताशी असलेली बरी.

पेनचा सुवर्णकाळ

शाई साठवणारी पेने एकोणिसाव्या शतकाच्या आधीही होती, पण ती एक तर गळत, नाहीतर लिहिता लिहिता अडत. अमेरिकेतील लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये जे पेटंट घेतले, त्याचे मर्म निबखालच्या जिभेत होते. या जिभेतील बारीक खाचांमधून शाई खाली उतरते आणि तितकीच हवा वर जाते. शाई जाते तेवढीच हवा आत आली की पेन गळतही नाही आणि अडतही नाही. आजही प्रत्येक फाउंटन पेन याच तत्त्वावर चालते.

पुढचा प्रश्न होता शाई भरण्याचा. सुरुवातीला ड्रॉपरने थेंब थेंब शाई भरावी लागे आणि हात माखत. अमेरिकेतील वॉल्टर शेफर यांनी १९०८ मध्ये बॅरलच्या बाजूला छोटी पट्टी बसवण्याची युक्ती काढली. पट्टी उचलली की आतली रबरी पिशवी दाबली जाते, सोडली की ती शाई ओढून घेते. जर्मनीतील पेलिकन कंपनीने १९२९ मध्ये शेपटाकडचे बोंड फिरवून दट्ट्याने शाई ओढणारे पेन आणले. पार्करने १९३३ मध्ये पारदर्शक पट्ट्यांचे ‘व्हॅक्युमॅटिक’ आणले. त्यात किती शाई उरली हे बाहेरूनच दिसे.

या सगळ्यांवर कडी केली ती १९४१ मध्ये बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’ने. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, अंग तुकतुकीत आणि सुरुवातीची किंमत साडेबारा डॉलर. मे १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीनंतर जनरल आयसेनहॉवर यांनी दोन पेने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी धरून छायाचित्र काढून घेतले, ती याच जातीची. आपल्याकडेही परदेशातून आलेले पार्कर म्हणजे जावयाला, डॉक्टर झालेल्या मुलाला किंवा निवृत्त होणाऱ्या साहेबाला द्यायची मानाची भेट होती. आयातीवर कडक बंधने होती, त्या काळात असे पेन खिशाला असणे हीच प्रतिष्ठा होती. म्हणूनच भारतातील कपाटांतून आजही ही पेने निघतात.

हंगेरीचे पत्रकार लासलो बिरो यांनी १९३८ मध्ये बॉलपेनचे पेटंट घेतले होते. महायुद्धानंतर स्वस्त बॉलपेनांचा पूर आला आणि फाउंटन पेन हळूहळू खिशातून खणात गेले.

आपली स्वदेशी पेने

संग्रह म्हटला की फक्त विलायती नावे डोळ्यांसमोर येतात. पण आपल्या देशाचाही या क्षेत्रात मोठा वाटा आहे. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या प्रेरणेने पूर्ण स्वदेशी पेन बनवले. १९३५ मध्ये गांधीजींनी स्वतः पत्र लिहून त्याची पसंती कळवली. एबोनाइटची कांडी लेथवर कातून एकेक पेन घडवण्याची ही परंपरा तिथे आजही चालू आहे. तमिळनाडूतील तिरुवळ्ळूरचे ‘रंगा’ पेनही अशाच हातकामासाठी परदेशात नावाजले जाते. हैदराबादचे ‘डेक्कन पेन स्टोअर्स’ १९२८ पासून पेनशौकिनांचे ठिकाण आहे.

मराठी वाचकांना जवळचे नाव म्हणजे ‘कॅमलिन’. दि. प. दांडेकर यांनी १९३१ मध्ये शाईची पूड आणि गोळ्यांपासून सुरुवात केली आणि पुढे ‘कॅमल’ शाई घराघरांत पोहोचली. बंगालची ‘सुलेखा’ शाईही स्वदेशीच्याच चळवळीतून १९३४ मध्ये जन्मली. ज्यांना खर्चिक विलायती पेने परवडत नाहीत, त्यांनी जुन्या भारतीय पेनांपासून सुरुवात केली तर खिसाही सांभाळला जातो आणि इतिहासही.

पडद्यावरचा लिलाव

अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये इंटरनेटवर लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ‘ईबे’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यावर सुरुवातीला विकली गेलेली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. घेणाऱ्याला विचारले तर तो म्हणे मोडके पॉइंटरच जमवत होता! जगात प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक आहे, हे त्या एका व्यवहाराने दाखवून दिले. पेनांचे तेच झाले. इंग्लंडमधील एखाद्या खेड्यातील पोटमाळ्यावरचे पेन आता नागपूरचा किंवा इंदूरचा माणूस घेऊ शकतो.

‘ईबे’ने २००४ मध्ये ‘बाझी डॉट कॉम’ विकत घेऊन भारतात पाऊल टाकले होते, पण तिचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. त्यामुळे आता तिथून घ्यायचे म्हणजे परदेशातूनच मागवणे आले. अशा पेनावर सीमाशुल्क आणि जीएसटी भरावा लागतो आणि तो केवळ पेनच्या किमतीवर नव्हे, तर पाठवणीचा खर्च धरून आकारला जातो. दर बदलत असतात. म्हणून मागवण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. ‘पार्सलवर भेटवस्तू असे लिहून पाठवतो’ अशी एखाद्या विक्रेत्याने तयारी दाखवली तर नको म्हणावे. भेटवस्तूंना मिळणारी शुल्कमाफी सरकारने डिसेंबर २०१९ पासून जवळपास बंद केली आहे. शिवाय ते खोटे लिहिणेच झाले.

लिलावात आपण आपली कमाल बोली सांगून ठेवली की यंत्रणा गरजेपुरतीच ती वाढवत नेते. खरी परीक्षा असते शेवटच्या मिनिटांत. समोरचा बोली वाढवतो आणि आपल्यालाही चेव चढतो. यावर जुना घरगुती उपायच उत्तम. पेन, पाठवणी, कर आणि दुरुस्ती असे चारही खर्च आधी कागदावर मांडावेत, बेरीज करून आपली मर्यादा लिहावी आणि तिच्यापुढे एक रुपयाही जाऊ नये. किंमत ठरवताना विक्रेते काय मागतात हे न पाहता तसली पेने प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहावे. मागायला कुणी काहीही मागतो!

काय पाहावे, काय विचारावे

छायाचित्रात पेन झळाळत असले तरी चार गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पहिली गोष्ट निब. तिच्या टोकाला कठीण धातूचा बारीक मणी असतो. तो झिजलेला किंवा तुटलेला असेल तर पेन लिहिणार नाही. निबचे वरून, खालून आणि बाजूने जवळून काढलेले छायाचित्र मागावे.

दुसरी गोष्ट टोपण. टोपणाच्या कडेला केसासारखी चीर असू शकते आणि ती सहज दिसत नाही. उजेडासमोर धरून काढलेले छायाचित्र पाहावे.

तिसरी गोष्ट आतले यंत्र. जुन्या पेनांतील रबरी पिशवी बहुधा कडक होऊन तुटलेली असते. ती बदलता येते, पण तो खर्च आपला. ‘तपासलेले नाही’ असे विक्रेता लिहितो, तेव्हा ‘चालत नाही’ असेच समजून किंमत ठरवावी. १९४८ पासूनच्या, दाबून शाई भरायच्या ‘पार्कर ५१’मधील पिशवी मात्र प्लॅस्टिकची आहे. ती अनेकदा आजही शाबूत असते. नवशिक्याने पहिले पेन म्हणून हेच पाहावे.

चौथी गोष्ट अस्सलपणा. चीनमधील ‘हिरो ६१६’ हे पेन दिसायला ‘पार्कर ५१’सारखेच आहे. आपल्याकडेही ते खूप चालले. स्वतःच्या नावाने विकले गेले तर त्यात गैर काहीच नाही. पण जाणूनबुजून किंवा अजाणता ते पार्कर म्हणून खपवले जाते. टोपणावरची आणि बॅरलवरची अक्षरे वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नये. त्या काळातील अमेरिकन पार्करच्या बॅरलवर वर्षाचा शेवटचा अंक आणि तिमाही दाखवणारे ठिपके असत. ते दिसले तर पेनचे वय कळते. शिवाय एकाचे टोपण, दुसऱ्याचे बॅरल आणि तिसऱ्याची निब जोडून केलेली पेनेही बाजारात भरपूर आहेत. ‘माँ ब्लाँ’सारख्या महागड्या नावांच्या तर नकलाच उदंड. स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळून जाण्याऐवजी, स्वस्तात का मिळतेय हे विचारावे.

पैसे नेहमी संकेतस्थळाच्याच मार्गाने द्यावेत. ‘बाहेरून द्या, थोडे कमी करतो’ असे कुणी म्हटले की सावध व्हावे. बाहेर दिलेल्या पैशांना मग कुणी वाली नसतो. आणि घरातलेच जुने पेन विकायला काढले असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पैसे मिळवण्यासाठी मोबाइलवर कधीही पिन टाकावा लागत नाही. ‘हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील’ असे सांगणारा खरेदीदार आपले खाते रिकामे करायला आलेला असतो.

पेन घरी आल्यावर

इतके सांभाळून घेतलेले पेन एका मिनिटात बिघडवता येते. वाळलेली शाई निघावी म्हणून कढत पाणी ओतणे, स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव लावणे, पक्कडीने निब ओढणे ही सगळी पेन मारण्याची साधने आहेत. जुनी रंगीबेरंगी पेने सेल्युलॉइडची असतात. स्पिरिट आणि तशी द्रवे त्यांना विरघळवतात. सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही असते, म्हणून देवघरातील समई किंवा गॅसची शेगडी यांपासून ते दूर ठेवावे. एबोनाइटची काळी पेने पाण्यात बुडवून ठेवली की तपकिरी, हिरवट होतात. ती बुडवू नयेत, केवळ निबकडचा भाग ओला करावा.

साधे, कोमट होण्याइतपतच गरम पाणी आणि संयम हे खरे औषध. वाळलेली शाई सुटायला कधी दोन-तीन दिवस लागतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहावे. शाई धुऊन जाणारी साधी निळी वापरावी. चित्रकलेची इंडियन इंक फाउंटन पेनात कधीही घालू नये. ती आत वाळली की जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात. पेन वापरायचे नसेल तेव्हा ते रिकामे करून, धुऊन, कोरडे ठेवावे. पावसाळ्यात बंद डबीत कोंडू नये.

पिशवी बदलणे, निब सरळ करणे ही कामे जाणकाराचीच. असे कारागीर आता प्रत्येक शहरात फार थोडे उरले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे त्याहून थोडे. जुन्या पेनांचे भवितव्य खरे तर त्यांच्याच हातात आहे. म्हणून दुरुस्तीची घासाघीस करताना थोडा हात सैल सोडावा. पेन एकदा विकत घेतले जाते, पण कारागिराची गरज वर्षानुवर्षे लागते.

छंद की गुंतवणूक?

काही पेनांच्या किमती चढतात हे खरे, पण त्या चढतील या भरवशावर घरखर्चाला कात्री लावून पेने घेणे शहाणपणाचे नाही. जुन्या पेनांचा भाव फॅशनवर, निबच्या स्थितीवर आणि त्या दिवशी लिलावाला कोण बसले आहे यावर ठरतो. बँकेतील ठेवीसारखी हमी इथे नाही. दहा पेने बंद डबीत ठेवण्यापेक्षा दोन पेने रोज वापरात ठेवणारा माणूस जास्त सुखी असतो. शिवाय रोज वापरलेले पेन वाळत नाही आणि बिघडतही नाही.

आणि विकत घेण्यापूर्वी एकदा स्वतःच्या आणि आजोळच्या कपाटात पाहून घ्यावे. तिथे निघालेल्या पेनावर कदाचित कुणाचे नाव कोरलेले असेल. बाजारात त्या कोरलेल्या नावाने किंमत बहुधा कमीच होते. घरात मात्र त्या नावामुळेच ते पेन जपायचे असते. ते धुऊन, दुरुस्त करून दहावी पास झालेल्या नातीच्या हाती द्यावे. संग्रहातील पहिले पेन म्हणून याहून चांगली आणि स्वस्त खरेदी कुठल्याही लिलावात मिळणार नाही.