‘सॉरी’च्या पोटात दडलेय काय?

बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला, की ‘सॉरी’. येताना कोथिंबीर आणायची राहिली, की ‘सॉरी’. आणि चिरंजीवांनी आईला उलट उत्तर दिले, तरी दाराआडून तीच दोन अक्षरे! हा विलायती पाहुणा आपल्या घरात आता इतका रुळला आहे, की त्याचे कूळ विचारायचेच आपण विसरलो.

हे कूळ मोठे दुखरे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे जखम, वेदना. त्यावरून ‘सारिग’, म्हणजे व्यथित, हा शब्द झाला. तोच आजचा ‘सॉरी’. घसा दुखू लागला की डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात; त्यातला ‘सोअर’ याचा सख्खा भाऊ. गंमत अशी, की दुःखवाचक ‘सॉरो’ मात्र याच्या नात्यातला नव्हे. त्याचे मूळ ‘सोर्ग’, अगदी निराळे. पण शेजारी राहून राहून माणसे एकमेकांसारखी बोलू लागतात ना? तसा ‘सॉरो’च्या सहवासाने ‘सॉरी’चा उच्चार बदलला.

म्हणूनच कोणाच्या घरी मृत्यू घडला, तर इंग्रज माणूस ‘आय ॲम सॉरी’ म्हणतो. त्यात अपराधाची कबुली नसते. ‘मलाही वाईट वाटले’ एवढेच असते. पडक्या घराची अवस्था ‘सॉरी’ म्हटली, तर ती दयनीय असे समजावे.

आता आपले शब्द पाहा. ‘क्षमा’ हा संस्कृत ‘क्षम्’, म्हणजे सहन करणे, या धातूपासून आला. ‘माफी’ मूळची अरबी. फारसीच्या वाटेने ती मराठीत उतरली. ‘क्षमा करा’, ‘माफ करा’ असे म्हणताना आपण समोरच्याकडे काही मागतो. ‘सॉरी’ काहीच मागत नाही. तो फक्त स्वतःच्या मनाचे दुखणे सांगतो. आणि ‘माझे चुकले’? ते ना दुखणे सांगते, ना काही मागते. ते सरळ दोष पत्करते. म्हणून तर ते ओठावर यायला इतके जड!

शब्द परका म्हणून त्याला हाकलण्याचे कारण नाही. बसमधल्या धक्क्याला ‘सॉरी’ पुरेसा आहे. पण घरातल्या माणसाचे मन दुखावले असेल, तर दाराआडून ‘सॉरी’ फेकू नये. समोर जाऊन बसावे आणि ‘माझे चुकले’ म्हणावे.