वाड्याचा हिशेब

नोव्हेंबर उजाडला की करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, कुठल्याही रस्त्याला संध्याकाळी वाड्याचे भारे दिसायला लागतात. मोटरसायकलच्या मागे आडवे बांधलेले, सायकलच्या कॅरियरवर कलंडलेले, नाहीतर बाईमाणसाच्या डोक्यावर. ऊस कारखान्याला जातो आणि वाडं गोठ्याला. १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघाच्या या जिल्ह्यात उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला हा कचरा नाही. हंगामातले चार-पाच महिने म्हशीच्या पुढ्यात पडणारी ती वैरण आहे. तोडकरी ती विकून चार पैसे करतो, शेतकरी आपल्या दावणीचं भागवतो.

ऊसतोडणी यंत्राच्या हिशेबात मात्र वाड्याचा रकानाच नाही. यंत्राच्या तोंडाशी उंचावर फिरणारी पाती शेंडा छाटतात, तुकडे करतात आणि बाजूला भिरकावतात. फडात यंत्र शिरलं की बांधावर उभ्या माणसाची पहिली कुरकुर इथेच ऐकू येते: ‘ऊस काढलास बाबा, पण वाडं मातीत घातलंस.’

ही कुरकुर म्हणजे यंत्राच्या रचनेबद्दलची सूचनाच आहे. कोल्हापूरचा शेतकरी या यंत्राला काय काय सांगू पाहतो, ते ऐकायचं तर यंत्राच्या तोंडापासून शेपटापर्यंत एकदा चालत जावं लागतं.

गहू-सोयाबीनच्या हार्वेस्टरला कंबाइन म्हणतात, कारण कापणी, मळणी आणि उफणणी ही तीन कामं तो एका फेरीत करतो. उसाचं यंत्रही त्याच जातीचं. शेंडा छाटायचा, बुडखा तोडायचा, उसाच्या वीतभर-फूटभर कांड्या करायच्या, पंख्याने पाचट उफणायचं आणि शेजारून चालणारी ट्रॉली भरायची. या यंत्राची जडणघडण झाली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये. तिथे मजूर मिळेना, तेव्हा बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंसारख्यांनी खटपट करून तोडणीची यंत्रं उभी केली. त्यांच्या नावावरून आलेला ‘ऑस्टॉफ्ट’ हा ब्रँड १९९६ मध्ये केस कंपनीकडे गेला, आणि पुढे त्याच घराण्यातली लहान यंत्रं पुण्याजवळच्या चाकणला बनू लागली. १९७० चं दशक संपेपर्यंत ऑस्ट्रेलियातला जवळजवळ सगळा ऊस यंत्राने निघू लागला होता.

त्या फडांत ऊस आधी पेटवून देत आणि मग तोडत. पाला जळालेला, ओळी रुंद, रानं लांबलचक. वाड्याची वाट बघणारी म्हैस तिथे नव्हती. यंत्राच्या हाडामासात ते रान अजून आहे. हे यंत्र कोल्हापुरात आलं आणि विसाव्या-तिसाव्या गुंठ्यातच बांधाला अडलं.

पहिली अडचण सरीची. आपल्याकडे तीन-साडेतीन फुटांची सरी वाडवडिलांपासूनची. यंत्राची चाकं दोन्ही अंगांनी चालणार, तर शेजारच्या ओळीचा बुडखा चेंगरतो आणि पुढचा खोडवा मार खातो. म्हणून यंत्रासाठी साडेचार-पाच फुटांची सरी सांगितली जाते. अनेकांनी ती धरली. आंतरमशागत सोपी झाली, हवा खेळती झाली, फुटवेही चांगले येतात असा अनुभव पुष्कळांनी घेतला. पण ज्याचं रान अर्ध्या एकराचं, त्याला यंत्र वळवायला दोन्ही टोकांना जागा सोडावी लागते. ट्रॉलीला वाट म्हणून कडेचा ऊस आधी कोयत्यानेच काढावा लागतो. अरुंद बांध्याचं, कमी ताकदीचं, जाग्यावर वळणारं यंत्र हवं, ही मागणी इथूनच निघते.

दुसरी अडचण लोळलेल्या उसाची. एकरी टनेज भारी निघालं, त्यात परतीचा पाऊस आणि वारा आला की ऊस आडवा होतो आणि एकमेकांत गुंततो. यंत्राच्या नाकाशी फिरणारे स्क्रूसारखे शंकू तो उचलून ओळीत आणतात, पण फार गुंता असला तर मुळासकट उपटून घेतात. नदीकाठच्या रानात याला गाळाची जोड मिळते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली होता. असा गाळ चढलेला ऊस तोडताना पात्याची धार टिकत नाही.

आणि सगळा खेळ त्या पात्याचाच आहे. यंत्राच्या पोटाखाली दोन गोल तबकड्या समोरासमोर फिरतात, त्यांच्या कडेला बोल्टने बसवलेली पाती बुडखा तोडतात. धार असेल तर काप सरळ येतो. बोथट पातं तोडत नाही, फाडतं. बुडखा पिंजला की बुरशीला दार उघडतं आणि खोडवा विरळ फुटतो. वर धरलं तर सर्वांत गोड बुडखा रानात राहतो, खाली दाबलं तर माती कारखान्यात जाते. आमची बांधणी कुठे उंच, कुठे बसलेली, म्हणून तबकडीने वरंब्याच्या चढउताराबरोबर आपोआप वर-खाली व्हावं, असं शेतकऱ्याला वाटतं. जुन्या यंत्रात हे काम ऑपरेटरच्या हाताच्या अंदाजावर सोपवलेलं असतं. म्हणूनच गावात यंत्राच्या कंपनीपेक्षा ऑपरेटरची चौकशी आधी होते.

शेपटाकडचा पंखा आणखी अवघड. त्याचा वेग वाढवला तर पाचटाबरोबर उसाचे तुकडेही उडतात, आणि पाचटात मिसळलेलं हे नुकसान डोळ्याला दिसत नाही. वेग उतरवला तर पाचट ट्रॉलीत जातं आणि कारखान्याच्या काट्यावर वजावट बसते. शेतकरी दोन्हीकडून पैसे मोजतो. त्यात कांड्या दोन्ही टोकांना उघड्या, अख्ख्या उसापेक्षा लवकर आंबतात. तोडलं की दिवसाच्या आत गाळप व्हायला हवं. यार्डात गाड्यांची रांग लागली तर यंत्राने वाचवलेला वेळ तिथेच जातो.

एवढं असून यंत्र हवंच आहे. मराठवाड्यातून, मुख्यतः बीडकडून, येणाऱ्या टोळ्या पूर्वीसारख्या भरवशाच्या राहिल्या नाहीत. उचल देऊन मुकादम न फिरकल्याच्या तक्रारी गावोगाव आहेत. तोड मिळवायला ‘खुशाली’ आणि गाडीवाल्याला ‘एंट्री’ म्हणून वरचे पैसे मोजणं कोल्हापूरच्या शेतकऱ्याला नवं नाही. दुसरीकडे, वाकून कोयता चालवण्यात कुणाच्या पोराने जन्म घालवावा असं म्हणायची सोय नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने ९०० तोडणी यंत्रांसाठी अनुदान जाहीर केलं, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते. पण अनुदान मिळालं तरी उरलेला आकडा एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. यंत्र येतं ते ठेकेदाराचं नाहीतर कारखान्याचं, आणि वापरणाऱ्याची सूचना बनवणाऱ्यापर्यंत जायची वाट लांब होते.

ती वाट जवळ असते तेव्हा काय होतं, याचा दाखला ऑस्ट्रेलियातच आहे. न्यू साउथ वेल्समधल्या हेन्टी गावचा हेडली टेलर हा शेतकऱ्याचा मुलगा. गहू पावसाने लोळला की त्या काळची यंत्रं हात टेकत. टेलरने लोळलेलं पीक उचलून कापणारं यंत्र स्वतः जुळवलं. मोठे यंत्र-कारखानदार मॅके यांनी १९१६ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि टेलरलाही आपल्या कारखान्यात नेलं. शेतातली अडचण आणि कारखान्यातलं लोखंड एकाच माणसाच्या हाती आलं.

आपल्याला तरी हे कुठे परकं आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी त्यांनी नांगर उतरवला. त्या नांगराच्याही आधी, बेळगावात असताना, ते कडबा कापायचं यंत्र करत होते. वैरण ओळखणारं यंत्र याच मुलखात शंभर वर्षांपूर्वी झालं आहे.

आज शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्या मोटारकंपन्यांना कास्टिंग पुरवतात. तिथून चार-दोन कोसांवर फड आहे. बुडख्याचं पातं, उचलणारा शंकू, पंख्याचा वेग यांची सुधारणा कोणीतरी करेलच, जगभरातल्या ऊसवाल्यांना ती हवी आहे. शेंडा अखंड छाटून, ओळीने कडेला ठेवणारं तोंड मात्र क्वीन्सलँडला कधीच लागणार नाही. त्याची गरज त्यालाच, ज्याच्या घरी संध्याकाळी धार काढायची असते.

यंत्राने सांगितलं म्हणून शेतकऱ्याने वाडवडिलांची सरी तीन फुटांवरून पाचावर नेली. बदल्यात त्याने मागितलाय तो एक भारा वाडं.