स्टिअरिंगचं कव्हर उघडताय? जरा थांबा!

हॉर्न वाजत नाही म्हणून घरीच स्टिअरिंग उघडायला बसणारे बरेच जण आहेत. पण त्या कव्हरखाली एअरबॅग असते, आणि ती साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायच्या आत!

लोक म्हणतात, बॅटरी काढली की झालं. नाही झालं. अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग उघडावी, म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमधला कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. तेव्हा आधी इग्निशन बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आणि मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं मोजून थांबायचं. तोवर चहा घ्या.

बहुतेक गाड्यांत एअरबॅगचे कनेक्टर पिवळे असतात. सीटखालचाही. त्यांना मल्टीमीटर लावायचा नाही, कारण मीटरच्या छोट्याशा करंटनेही एअरबॅग उडू शकते.

काढलेली एअरबॅग नेताना कव्हरची बाजू अंगापासून लांब धरा, आणि टेबलावर ठेवताना ती वर ठेवा. पालथी ठेवली आणि उडाली, तर अख्खं युनिटच वर फेकलं जाईल.

बॅटरी सगळ्यात शेवटी जोडायची, तेव्हा गाडीत कुणी बसलेलं नको. नंतर एअरबॅगचा दिवा विझला नाही, तर गाडी थेट सर्व्हिस सेंटरला न्या.