स्वस्त घराचे गाव

ग्रीस देशाचे नाव निघाले म्हणजे सुशिक्षित मराठी घरात सॉक्रेटिसाची आणि सिकंदराची आठवण व्हावयाची, हे स्वाभाविकच आहे. परंतु लंडन-बर्लिनसारख्या शहरांत घरभाड्याने गांजलेल्या मध्यम स्थितीतील माणसाला हे नाव अलीकडे निराळ्याच कारणाने मोहक वाटू लागले आहे. ग्रीसच्या लहान गावांतून घर स्वस्त मिळते, ऊन मुबलक, ऑलिव्हचे तेल शेजारच्या बागेतले; तेव्हा निवृत्तीचा काळ किंवा घरी बसून करावयाचे काम तिकडेच का नेऊ नये, असा हा विचार आहे. तो वेडगळ मुळीच नव्हे. मात्र ते घर स्वस्त का, हे आधी समजून घेतले पाहिजे.

घर स्वस्त आहे, कारण त्यात राहणारे निघून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीक तरुण ऑस्ट्रेलिया, अमेरिका व जर्मनी गाठू लागला. २००९ नंतरच्या कर्जसंकटात पुन्हा तीच वाट धरावी लागली. २०११ च्या शिरगणतीत देशाची वस्ती सुमारे १ कोटी ८ लाख होती, ती २०२१ मध्ये १ कोटी ५ लाखांच्या घरात आली. मागे राहिलेल्या दगडी घराला कुलूप असते आणि त्याचे वारस चौघे-पाचजण असतात. एक अथेन्सला, दुसरा मेलबर्नला, तिसऱ्याचा पत्ताच नाही. जमिनीच्या सरकारी नोंदवहीचे काम १९९५ मध्ये सुरू झाले, पण ते संपता संपत नाही. म्हणून खरेदीपूर्वी मालकी तपासणारा वकील आणि बांधकाम कायदेशीर आहे की नाही हे पाहणारा अभियंता, या दोघांवाचून पाऊल टाकणे धोक्याचे.

पेलोपोनीसच्या पूर्व किनाऱ्यावरील, आर्केडिया प्रांतातील लेओनिदिओ हे सुमारे चार हजार वस्तीचे गाव उदाहरणादाखल घेण्याजोगे आहे. मागे तांबूस कड्यांची उंच भिंत, मधून बहुधा कोरडीच असणारी नदी, खाली समुद्रापर्यंत भाजीचे मळे. येथील लांबट, जांभळे-पांढरे पट्टे असलेले गोडसर वांगे साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. (ग्रीक भाषेत वांग्याला ‘मेलिझाना’ म्हणतात. हा शब्द अरबी-फारशीच्या वाटेने मूळ भारतीय शब्दापर्यंत पोहोचतो, असे भाषापंडित सांगतात. तेव्हा मराठी पाहुण्याला निदान भाजीवाल्याकडे परकेपणा वाटू नये!) २०१० नंतरच्या दशकात त्या कड्यांवर दोराने चढण्याचा खेळ खेळणारे परदेशी लोक येऊ लागले. ते येतात हिवाळ्यात, म्हणजे किनाऱ्यावरील इतर गावे ज्या दिवसांत झोपलेली असतात त्या दिवसांत. त्यामुळे खाणावळी उघड्या राहतात आणि काहीजण तेथेच बिऱ्हाड करतात.

सर्व गावांचे दैव असे नसते. पुष्कळ ठिकाणी घरमालक ऑक्टोबर ते मे एवढेच घर देतो आणि उन्हाळा लागताच प्रवाशांसाठी ते रिकामे करून मागतो; बेटांवर बदली होऊन आलेल्या शाळामास्तरांनाही या जाचातून सुटका नाही. शिवाय जी दगडी भिंत जुलैत गारवा देते तीच जानेवारीत हाडे गोठविते. लाकूड व तेल जाळावे लागते आणि भाड्यात वाचलेला पैसा त्यात जातो. दुखणे साधे असले तर जवळच्या आरोग्यकेंद्रात भागते. हृदयविकाराचा झटका आला तर डोंगरातील वळणांच्या रस्त्याने मोठे शहर गाठावे लागते. साठी उलटलेल्याने घराच्या छपराआधी हा रस्ता पाहावा.

भारतीय नागरिकाच्या मार्गात कायद्याचा उंबरठा आहे, आणि तो बराच उंच आहे. अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पुढे राहावयाचे तर स्वतःच्या उत्पन्नावर जगणारा म्हणून, अथवा ग्रीसबाहेरील धन्याचे काम दूर बसून करणारा म्हणून परवाना काढावा लागतो. दोहोंसाठी दरमहा किमान ३,५०० युरो उत्पन्न दाखवावे लागते, पत्नीसाठी त्यावर २० टक्के आणि प्रत्येक मुलामागे १५ टक्के अधिक. स्थानिक नोकरी करण्यास मनाई. एप्रिल २०२५ मध्ये ग्रीसमधील किमान मासिक वेतन ८८० युरो ठरले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ उलगडतो: ते गाव स्वस्त आहे ते बाहेरून येणाऱ्याला. तेथील दुकानात काम करणाऱ्या मुलीला तेच भाडे जड जाते, आणि पाहुणे वाढले की अधिकच जड होते.

भाषेची अडचण आहेच. कचेरीतला करक्रमांक, विजेची जोडणी, घराचा करारनामा, सारे ग्रीकमध्ये. लेओनिदिओत तर आणखी एक बोली आहे, त्साकोनियन नावाची. बाकीची आजची ग्रीक अथेन्सच्या परंपरेतून आली, ही मात्र प्राचीन डोरियन शाखेची मानतात. ‘आमची भाषा त्साकोनियन आहे, ती बोलून दाखवा असे लोकांना सांगा,’ अशा आशयाची पाटी गावात लावलेली आहे. बोलून दाखविणारे बहुतेक म्हातारे आहेत, आणि त्यांची मुले अथेन्सला.